परीक्षेचे दिवस, मोबाईल आणि अभ्यासातील चालढकल

पालक व विद्यार्थ्यांसाठी आरोग्यविषयक माहिती

माध्यमिक शिक्षण मंडळ, मध्य प्रदेश यांच्या दहावी व बारावीच्या वार्षिक परीक्षा साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. जबलपूर जिल्ह्यातील पाटनसारख्या शेतीप्रधान तहसिलीत हेच दिवस रब्बीच्या कामांचे असतात. मोठी माणसे शेतात आणि मुले पुस्तक उघडून घरी, असे चित्र अनेक घरांत दिसते. एखादी शंका सोडवण्यासाठी हाती घेतलेला मोबाईल मग तासभर खाली ठेवला जात नाही. हा आळस आहे असे समजून रागावण्यापूर्वी त्यामागचे कारण जाणून घेणे आवश्यक आहे.

चालढकल का होते?

अभ्यासाला बसताच अनेक विद्यार्थ्यांच्या मनात भीती दाटून येते. धडा कठीण आहे, दिवस थोडे उरले आहेत, घरच्यांच्या अपेक्षा मोठ्या आहेत, या विचारांनी जीव घाबरा होतो. रील किंवा खेळ सुरू करताच ही बेचैनी तात्पुरती ओसरते. म्हणून पुढच्या वेळी हात आपोआप मोबाईलकडे वळतो. वेळ वाया गेला की भीती आणखी वाढते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. एक रील संपताच दुसरी समोर येत असल्यामुळे थांबण्याची जागाही सापडत नाही.

रागावल्याने काय होते?

कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या प्रथम वर्षातील ११९ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढील परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केल्याचे त्यात आढळले. अपराधीपणाचे ओझे हलके झाले की पुस्तकाकडे परतणे सोपे जाते. म्हणून गेलेल्या वेळेचा हिशेब मागण्याऐवजी पुढचा अर्धा तास कसा वापरायचा, हे मुलासोबत बसून ठरवावे.

घरी काय करावे?

• अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. घरातील मोठ्यांनीही त्या वेळी आपला मोबाईल बाजूला ठेवावा.
• पाठ किंवा टिपणे मोबाईलवर असल्यास ती वहीत उतरवून घ्यावीत. शंका कागदावर लिहून ठेवाव्यात व ठरलेल्या वेळी एकत्र पाहाव्यात.
• सुरुवात लहान असावी: एक प्रश्न, एक उदाहरण किंवा पंचवीस मिनिटे. त्यानंतर पाच मिनिटे उठून फिरावे; या विश्रांतीत मोबाईल घेऊ नये.
• मोबाईल अचानक हिसकावून घेऊ नये. वापराची वेळ आधी ठरवावी आणि ती दोघांनीही पाळावी.
• इतर मुलांच्या गुणांशी तुलना टाळावी.

झोप मोडू नये

१३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना दररोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते. दिवसा वाया गेलेला वेळ रात्र जागून भरून काढण्याचा प्रयत्न केल्यास वाचलेले लक्षात राहणे कठीण होते. झोपण्यापूर्वी एक तास मोबाईल बंद करावा आणि रात्री तो अंथरुणाजवळ ठेवू नये.

मदत केव्हा घ्यावी?

झोप किंवा भूक बरेच दिवस बिघडणे, कोणाशीही न बोलणे, सतत रडू येणे, मोबाईल बाजूला ठेवताच अतोनात चिडणे, अशी लक्षणे दिसल्यास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे. जबलपूर येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

“जगण्यात अर्थ नाही” असे उद्गार मुलाने काढल्यास ते थट्टेवारी नेऊ नयेत. त्याला एकटे सोडू नये, शांतपणे ऐकून घ्यावे व त्वरित १४४१६ वर संपर्क साधावा. जिवाला तातडीचा धोका असल्यास ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

मध्य प्रदेश मंडळाने २०२५ पासून द्वितीय परीक्षेची सोय केली आहे. एखादा पेपर अवघड गेला तरी मार्ग बंद होत नाही, हे मुलांना परीक्षेपूर्वीच सांगावे.