वसतिगृहातील पहिले वर्ष

जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यातून नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत (स्थापना 1981) दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याची खरी कसोटी वसतिगृहात लागते. मराठी माध्यमातून आलेल्यास इंग्रजी व्याख्याने प्रारंभी अवघड वाटतात. न समजलेला भाग त्याच रात्री खोलीतील सोबत्यास विचारावा. संकोचामुळे मागे पडलेल्याचे शिक्षणच सुटण्याचा धोका असतो.

रॅगिंग मुकाट्याने सोसू नये. 1999 च्या राज्य अधिनियमानुसार या गुन्ह्यास 2 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तक्रार मिळाल्यापासून 7 दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखांवर बंधनकारक आहे. पालकांनीही गुणांची चौकशी करण्यापूर्वी मुलाची खुशाली विचारावी. पुष्कळदा तक्रारीचा पहिला शब्द तेथेच उमटतो.