हांबुर्गास निघालेल्या भाचीस

नांदेड,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चिरंजीव ताईस,

तुझे पत्र आणि त्यासोबतचे करारपत्र, दोन्ही मी सावकाश वाचले. हळद, डाळी आणि मसाले आयात करणाऱ्या हांबुर्गच्या पेढीत सहा महिने उमेदवारी करावयाची, विक्री व प्रसिद्धीचे कामकाज शिकावयाचे आणि तेवढी मुदत एका जर्मन कुटुंबात राहावयाचे, हा योग लातूरच्या अडतीत वाढलेल्या मुलीला आला याचा मला फार संतोष वाटतो. पेढीतील कामाविषयी चार शब्द सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. ज्या घरी तू उतरणार त्या घराविषयी मात्र कोणी बोलत नाही, म्हणून त्याविषयीच प्रथम लिहितो.

परक्याच्या घरी राहून विद्या संपादन करण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. निजामी अमदानीत, सरकारी शिक्षण उर्दूतून चाले आणि मराठी शाळा विरळ होत्या त्या काळात, खेड्यापाड्यांतील मुले तालुक्याच्या गावी येत आणि सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे वार लावून जेवत. यजमानीण ताट वाढी, मुलगा विहिरीचे पाणी भरी, तिच्या धाकट्या मुलांना पाढे शिकवी, आणि या देवघेवीचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नसे. तू दरमहा रक्कम देणार आहेस, त्यामुळे तुझा प्रसंग वेगळा आहे, हे खरे. परंतु त्या रकमेने खोली, ऊब आणि न्याहारी एवढेच विकत मिळते. आजारपणात कपाळावर ठेवलेला हात कोणत्याही करारपत्राच्या कलमात येत नाही, आणि जे कलमात येत नाही त्याची फेड भाड्याने होत नाही. म्हणून जेवण झाल्यावर आपल्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीतून उठलेला यात्रेकरू जसा कोणी न सांगता भांडी घासावयास बसतो, तशी तूही त्या घरी आपण होऊन कामास हात लाव.

या बाबतीत आनंदीबाई जोश्यांचे चरित्र तू पुन्हा एकदा वाचावेस, अशी माझी फार इच्छा आहे. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता, एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे पत्र वाचले आणि एका अनोळखी हिंदू मुलीच्या शिक्षणाच्या तळमळीने त्या इतक्या हेलावल्या की त्यांनी आपण होऊन पत्रव्यवहार आरंभिला. 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात घेतले, आणि त्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. निघण्यापूर्वी सेरामपूर येथील जाहीर भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले होते. ते वचन त्यांनी पाळले, शाकाहार सोडला नाही, साडी टाकली नाही, आणि तरीही त्या घरातील प्रेमात अणुमात्र उणे आले नाही. यातील मर्म असे आहे, ताई, की आपले आचरण स्पष्ट आणि सौम्य शब्दांत प्रथमच सांगणाऱ्या पाहुणीचा यजमानांना त्रास होत नाही. जी मनात कुढत राहते आणि चौथ्या महिन्यात अश्रू ढाळते, तिच्यामुळे त्यांना खरा क्लेश होतो. पुढे वैद्यक शिकण्यासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. तेथील थंडीत, रोझेलच्या घरापासून दूर, आनंदीबाईंची प्रकृती ढासळत गेली. 1886 च्या मार्चात त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा समुद्रापार मावशींकडे पाठविण्यात आली आणि पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही विसावली आहे. भाड्याच्या खोलीतून असा ऋणानुबंध निर्माण होत नसतो. परंतु या कथेतील थंडीही विसरू नकोस. खोलीत गारठा वाटला, अन्न सोसेना, तर त्याच दिवशी बोल. सोशिकपणाला तेथे कोणी सद्गुण मानणार नाही.

आता काही बारीक गोष्टी. आपल्याकडे यजमानीण तीनदा आग्रह करते आणि पाहुणा दोनदा नको म्हणतो. तेथे एकदाच विचारतील, आणि तू संकोचाने नको म्हणालीस तर ते तुझ्या शब्दाचा मान ठेवून ताट बाजूला करतील. भूक असेल तर पहिल्यानेच हो म्हण. रात्रीचे जेवण बहुधा पाव, चीज आणि कोशिंबिरीचे असते, म्हणून वरणभात करण्याची परवानगी आरंभीच मागून घे आणि एखाद्या दिवशी सर्वांसाठी कर. रविवारी दुकाने बंद असतात आणि शेजाऱ्याला उपद्रव होईल असा आवाज करणे वर्ज्य मानतात. त्या दिवशी मिक्सर लावून चटणी वाटू नकोस. कागद, काच, ओला कचरा यांची पात्रे निराळी असतात, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर बहुधा 25 सेंटची अनामत असते. ती बाटली टाकावयाची नसते, दुकानात परत द्यावयाची असते. तुझी आई, माझी अक्का, पेढे बांधून देईल, परंतु दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून सोबत आणण्यास युरोपीय संघात मनाई आहे. त्याऐवजी यजमानांसाठी बिदरी कामाची एखादी डबी ने.

आणखी एक गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. विक्रीकला शिकणाऱ्या तरुण माणसाला प्रत्येक घर बाजारपेठ दिसू लागते. त्या यजमानीणबाईंच्या फडताळातील डबे पाहून पेढीसाठी टिपणे करण्याचा मोह तुला होईल, त्यांच्या ओट्याची छायाचित्रे प्रसिद्धीच्या कामी वापरावीशी वाटतील. त्यांना विचारल्यावाचून यांतील काहीही करू नकोस. उलट, त्यांच्याशी मनमोकळे बोलावेस. जे चोरून पाहण्याने कळणार नाही ते त्या आपण होऊन सांगतील. मसुराचे सार जर्मन घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहे, तुरीची डाळ मात्र बहुतेकांनी पाहिलेलीही नसते. निलंगा तालुक्यातल्या आपल्या बोरसुरीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळाले ही आपल्या अभिमानाची बाब आहे, पण त्या बाईंना प्रथम हे जाणून घ्यावयाचे असते की ही डाळ किती वेळ भिजवावी, किती वेळ शिजवावी आणि मसुरासारखे तिचे सार होते काय. त्या प्रश्नांची उत्तरे सोप्या जर्मनमध्ये पाकिटावर लिहिणे, हेच तुझे पहिले काम समज.

पेढीविषयी थोडक्यात लिहितो. हळद संधिवात बरा करते असे आपण घरात सहज म्हणतो. युरोपात अन्नपदार्थाच्या आरोग्यविषयक दाव्याला पूर्वमान्यता लागते, आणि रोग बरा होतो असे छापणे तर मुळातच कायद्याचा भंग होय. ग्राहकाची संमती घेतल्यावाचून त्याच्या ईमेलवर जाहिरातींचा तगादा लावता येत नाही. 2018 च्या मे महिन्यापासून तेथे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कडक कायदाही अमलात आहे. 2020 साली भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड या तेथे बंदी असलेल्या रसायनाचा अंश सापडला आणि युरोपभर दुकानांतून माल परत घेण्यात आला, तेव्हा निर्दोष माल पाठविणाऱ्यांनाही संशयाची झळ लागली. लातूरच्या बाजारसमितीत सौदा निघतो तेव्हा खरेदीदार धान्य मुठीत घेऊन पाहतो. तिकडचा खरेदीदार ते पाहू शकत नाही, तो प्रयोगशाळेचा दाखला आणि तुमचा शब्द यांवर विसंबतो. तुझ्या वडिलांच्या, म्हणजे दाजींच्या, पेढीला उद्या तिकडे माल पाठवावयाचा झाला, तर त्या दाखल्यांचे सर्व बारकावे जाणणारे माणूस घरात असावे, म्हणून चाचणीचे कागद कसे तयार होतात ते तू मुद्दाम शिकून घे. मुदत संपताना कामाचा लेखी दाखला मागण्यास संकोच करू नकोस. तो देण्याची तेथे रीतच आहे.

हांबुर्ग आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास असते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तेथील घड्याळे मागे घेतली की हे अंतर साडेचार तासांचे होते. ही गोष्ट अक्काला आधीच समजावून सांग, म्हणजे तुझा फोन तासभर उशिरा आला तर ती घाबरणार नाही. पोचताच यजमानांच्या घरचा पत्ता मला कळव. त्यांना माझ्या वतीने आभाराचे पत्र पाठवावयाचे आहे. मी मराठीत लिहीन, तू त्यांना वाचून दाखव.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा