जुनं मेंडोलिन घेताना

पानिपत म्हटलं की डॉर्मिटरीत सगळ्यांना १७६१ आठवतं. माझे बाबा दोन वर्षांपासून तिथल्या रिफायनरीत नोकरीला आहेत, त्यामुळे मला आधी आठवतात ते जुने कपडे. परदेशातून गाठोडी भरून आलेले लोकरी कपडे या गावात फाडतात, त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. जुन्या वस्तूला तिथे कोणी नाक मुरडत नाही. मागच्या हिवाळी सुट्टीत मी तिथेच एक जुनं मेंडोलिन घेतलं. आपल्यापैकी कुणाला असं वाद्य घ्यायचं असेल तर माझ्या चुका उपयोगी पडतील म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या हाऊसच्या समूहगीताला पेटी आणि तबला असतो. मधल्या जागा भरायला एखादं तारांचं वाद्य हवं, असं संगीताचे सर म्हणाले होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर लहानपणापासून मेंडोलिन वाजवायचे, हेही त्यांनीच सांगितलं. नवीन वाद्य मला परवडणार नव्हतं. माझ्याकडे साठवलेले १,६०० रुपये होते.

पानिपतच्या बाजारात जुने स्पीकर आणि पेट्या विकणारे एक वयस्कर गृहस्थ भेटले. पूर्वी ते जागरणाच्या पार्टीत वाजवायचे. मेंडोलिनचे त्यांनी १,६०० सांगितले. मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर म्हणाले, "हम भी रोड मराठा हैं, बेटा," आणि दोनशे कमी केले. हरियाणातल्या रोड समाजातले बरेच लोक स्वतःला पानिपतच्या लढाईनंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. दोनशे रुपयांची सूट मला तरी त्या इतिहासामुळेच मिळाली.

घरी आणल्यावर बाबांनी एक सूर ऐकला आणि विचारलं, "हे वाद्य आहे की सरपण?" शेवटी असं ठरलं, की सुट्टी संपायच्या आत ते सुरात आलं तर शाळेत न्यायचं, नाहीतर परत करून यायचं. माझ्या हातात नऊ दिवस होते.

विकत घेताना मी एक गोष्ट बरोबर केली होती. आपण रायफलीच्या नळीवरून नजर लावतो तशी खुंट्यांच्या बाजूने दांडीवर नजर लावून पाहिली होती. दांडी वाकलेली किंवा पिळलेली असेल तर वाद्य फुकट मिळालं तरी घेऊ नये. दांडी आणि पोट जिथे जुळतात तिथे फट नको, पोटाची वरची फळी घोडीखाली खचलेली नको आणि आठही खुंट्या फिरायला हव्यात. हे दोष आपल्या हाताने निघत नाहीत. तारांचा गंज, घट्ट खुंट्या, काळे पडदे हे सगळं निघतं. पडद्यांना मी बक्कलला लावतो तोच ब्रासो लावला, मधल्या लाकडाला चिकटपट्टी लावून. खुंट्यांच्या चाकांना आईच्या शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब पुरलं.

मग मी मोठी चूक केली. आठही तारा एकदम काढल्या. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी राहते. ती टणकन खाली पडली आणि ती कुठे होती हे मला आठवेना. तारा एकेक करूनच बदलायच्या आणि त्याआधी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलने खूण करायची, हे मला नंतर कळलं.

नवीन तारांचा संच गावात मिळाला नाही. गिटारच्या तारा चालत नाहीत, कारण त्यांच्या टोकाला मणी असतो आणि मेंडोलिनला बहुधा फासा लागतो. बाबा कामासाठी दिल्लीला गेले होते. ते मुद्दाम दरियागंजातल्या वाद्यांच्या दुकानात जाऊन संच घेऊन आले. सरपणाबद्दल काही बोलले नाहीत.

मेंडोलिनच्या आठ तारा म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. पेटीवर सांगायचं तर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. पहिली जोडी खालच्या सप्तकात, मधल्या दोन मधल्या सप्तकात आणि शेवटची वरच्या. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम असते, व्हायोलिनसारखीच. शेवटची जोडी सगळ्यात बारीक असते. चुकून आणखी एक सप्तक वर ताणली तर तुटतेच.

आईच्या फोनवर बघून सगळ्या तारा लावल्या. मोकळ्या तारा गोड वाजल्या, पण बोट ठेवलं की बेसूर. वाद्यच वाईट आहे असं वाटून दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी फुटपट्टी घेतली. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा, कारण तार अर्धी केली की सूर एक सप्तक वर जातो. माझ्या मेंडोलिनवर वरच्या खाचांच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत १७.६ सेंटिमीटर होते आणि तिथून घोडीपर्यंत फक्त १७. मीच घोडी चुकीच्या जागी उभी केली होती!

बारीक तपासणी कानाने करायची. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं की घंटीसारखा सूर येतो. मग तिथेच तार दाबून छेडायची. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी दांडीपासून दूर सरकवायची, उतरला असेल तर जवळ आणायची. तारा थोड्या सैल करून दर वेळी केसभरच हलवायची. जाड तारांच्या बाजूला ती किंचित तिरकी, म्हणजे दांडीपासून थोडी दूर राहते. माझा यात पूर्ण एक दिवस गेला.

तारांची उंचीही पाहावी. बाराव्या पडद्यावर तारेखाली दोन एटीएम कार्डं एकावर एक बसली, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, तर वाजवायला सोपं जातं. माझ्याकडे पाच कार्डं बसत होती, म्हणून बोटं सोलवटत होती. तारा सैल करून घोडीची दोन चाकं फिरवली आणि तिसऱ्या कार्डापर्यंत आलो. आणखी खाली नेलं तर तारा पडद्यांवर खडखडतात.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना देशभक्तिपर गीताची दोन कडवी वाजवून दाखवली. ते म्हणाले, "पॅक कर."

रेल्वेत घोडीखाली कापडाची घडी ठेवली आणि तारा थोड्या उतरवल्या. इथे येऊन पुन्हा लावलं तेव्हा घोडी पेन्सिलच्या खुणेवरच होती. शेवटची जोडी अजून सातव्या पडद्यावर खडखडते. त्याच्या पुढचा पडदा किंचित वर आला असावा असं सर म्हणतात. तोपर्यंत तो सूर मी शेजारच्या जाड जोडीवर चौदाव्या पडद्यावर वाजवतो. मेंडोलिन संगीताच्या खोलीत खिडकीपासून लांब टांगलेलं आहे. ज्यांना हात लावून बघायचा असेल त्यांनी रविवारी यावं, फक्त घोडीला हात लावू नये.