खाद्य टाकण्याआधी पाणी पाहा

तळ्यात कटला, रोहू, मृगळाचे बीज सोडले, रोज पेंड आणि कोंडा टाकला, तरी विक्रीच्या वेळी वजन भरत नाही, अशी तक्रार गोड्या पाण्यात मासे वाढवणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. दोष बहुधा बीजाला किंवा पेंडीला दिला जातो. परंतु टाकलेले खाद्य माशाच्या अंगी किती लागेल, हे तळ्यातील पाणी ठरवते. या धंद्यात चालू खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खाद्यावर जातो, म्हणून हा विषय आपण नीट समजून घेतला पाहिजे.

पाण्याची उष्णता : गाय-बकरी आपल्या अंगाची ऊब स्वतः राखते. माशाचे तसे नसते; पाणी जितके गार, तितके त्याचे अंग गार. रोहू-कटला 25 ते 30 अंश सेल्सियसला चांगले खातात व पचवतात. हिवाळ्यात पाणी 20 अंशांच्या आसपास आले की त्यांची भूक मंदावते. आता हिशेब पाहू. तळ्यात अर्ध्या किलोचे 1000 मासे आहेत, म्हणजे एकूण वजन 500 किलो. वजनाच्या 2 टक्के धरून आपण रोज 10 किलो खाद्य टाकतो. थंडीत त्यातील निम्मेच खाल्ले गेले, तर 5 किलो तळाशी कुजते. किलोला 30 रुपये भाव धरला, तरी पंधरा दिवसांत 2250 रुपये चिखलात गेले.

प्राणवायू : 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. अन्न पचवायलाही माशाला प्राणवायू लागतो. हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री तेच तो ओढून घेते. त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील, तर त्यांना भूक लागली असे समजून खाद्य टाकू नये. ताजे पाणी सोडावे किंवा पाणी उसळवावे, आणि ऊन चढल्यावर मासे पूर्ववत झाले तरच थोडे खाद्य द्यावे. ढगाळ दिवसांतही खाद्य आखडते घ्यावे.

क्षार : गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात बाहेरून सतत पाणी शिरते आणि अंगातील मीठ बाहेर झिरपते. मासा भरपूर पातळ लघवी करून जास्तीचे पाणी टाकतो व कल्ल्यांवाटे मीठ परत ओढून घेतो. या कामात त्याची शक्ती खर्च होते. पाणी आंबट झाले की मिठाची गळती वाढते आणि वाढीसाठी शक्ती कमी उरते. पाण्याचा सामू 7 ते 8.5 असावा. तो कमी असेल तर तपासणी करून चुना द्यावा.

चुन्यातील कॅल्शियम मासा कल्ल्यांतून थेट पाण्यातून घेतो. स्फुरदाचे तसे नाही. ते पाण्यात फार थोडे असते, म्हणून बहुतेक खाद्यातूनच मिळावे लागते. रोहूसारख्या माशांना आपल्यासारखे आम्ल तयार करणारे जठर नसते, त्यामुळे पेंड-कोंड्यातील स्फुरदाचा बराच भाग त्यांना पचत नाही. तो विष्ठेतून पाण्यात जातो, शेवाळ माजते आणि पहाटेचा प्राणवायू आणखी घटतो. म्हणजे जादा खाद्याने मासा पोसला जात नाही, शेवाळ पोसले जाते. जठर नसल्यामुळे एकदम ढीग घालण्यापेक्षा तेच खाद्य दोन वेळा विभागून देणे बरे.

अमोनिया : खाद्यातील प्रथिने पचल्यावर मासा अमोनिया कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कुजलेल्या खाद्यातूनही तो तयार होतो. गडद हिरव्या पाण्याचा सामू दुपारी चढतो आणि त्या वेळी हाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. मासा अंगातला अमोनिया नीट टाकू शकत नाही व खाणे सोडतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. आंध्र प्रदेशातील मत्स्यपालक छिद्रे पाडलेल्या गोणीत खाद्य भरून ती बांबूला बांधून पाण्यात सोडतात. मासे छिद्रांतून खातात. काही तासांनी गोणी वर काढली की किती उरले ते दिसते आणि दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करता येते. उष्णतामापक व सामू तपासण्याची कागदी पट्टी जवळ ठेवावी आणि रोजची नोंद वहीत करावी. शेंगदाणा पेंड ओलीपासून जपावी. बुरशी लागलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण त्या बुरशीचे विष माशाचे यकृत बिघडवते.

जिवंत मासे किंवा बीज दूर पाठवणाऱ्यांनी आदल्या दिवसापासून खाद्य बंद ठेवावे, म्हणजे वाटेत डब्यातील पाणी घाण होत नाही व मरतूक कमी होते.

दुकानदार जसा गल्ला पाहून माल भरतो, तसे मत्स्यपालकाने पाणी पाहून खाद्य द्यावे. मेहनतीला बरकत हवी असेल, तर उद्या सकाळी खाद्याच्या गोणीला हात लावण्याआधी तळ्याच्या काठावर पाच मिनिटे उभे राहावे.