जि. कुलाबा, हल्ली रायगड

नागोठणे,
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनीस,

परवा तुझा फोन आला तेव्हा अंबा नदीला पाणी चढलं होतं, पेठेतले दुकानदार माल वरच्या फळीवर टाकत होते आणि त्यात लाइट गेलेली. तू विचारलंस, अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज त्या एजंटाकडून भरून घेऊ का? मी "नको" म्हणालो आणि फोन बंद पडला. का नको, ते आता सविस्तर लिहितो. जन्मभर टपाल खात्यात काढलेला माणूस, पत्रच लिहिणार.

माझा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. तुझे बाबा आणि आमचा दादा सोडून घरात हे कुणालाच ठाऊक नाही. बाकी सगळ्यांना आम्ही 'तारीख मिळाली नाही' असं सांगून मोकळे झालो. दादाकडे जायचं म्हणून मीही असाच एक एजंट गाठला होता. पासपोर्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेला, दोन दिवसांनी बारकोड असलेलं एक पान हातात ठेवलं. 'झालं काका, आता फक्त मुलाखत.' सही राहिली म्हणून लोकांचे मनीऑर्डरचे फॉर्म जन्मभर परत करणारा मी, ते पान घडी घालून खिशात टाकलं.

खिडकीपलीकडच्या साहेबानं पहिलाच प्रश्न टाकला, "जन्म मुंबईचा का?" मी म्हटलं, छे, नागोठण्याचा. माझ्या दाखल्यावर 'जि. कुलाबा' आहे. १९८१ साली नाव बदलेपर्यंत आपला सगळा जिल्हा कुलाबाच होता. एजंटानं तेवढं वाचलं आणि माझा जन्म थेट मुंबईतल्या कुलाब्यात, गेटवेच्या शेजारी घातला. मग विचारलं, धंदा कसला करता? अर्जात 'व्यापार' होतं, निवृत्त कारकुनापेक्षा वजनदार वाटतं म्हणून. अमेरिकेत नातेवाईक कोण? अर्जात 'कुणी नाही', आणि मी तोंडानं सांगतोय, मुलाकडे चाललोय. दोन मिनिटांत एक चिठ्ठी आणि पासपोर्ट खिडकीतून परत आला.

त्या साहेबाला मी आजही दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. समोरच्याचं तोंड एक बोलतंय आणि कागद दुसरंच.

सोने, हे मुळात काय प्रकरण आहे ते समजून घे. अमेरिकेचा १९५२ चा एक कायदा आहे, त्यातलं २१४ (ब) हे कलम. फिरायला येतो म्हणणारा प्रत्येक माणूस मुळात तिथे राहायलाच निघालाय असं ते धरून चालतं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी तुझी. आपल्याकडे गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, इथे बरोबर उलटं. त्यामुळे सगळे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: परत येणार का?

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून जहाजानं अमेरिकेला गेल्या तेव्हा असला व्हिसा नव्हता. म्हणून मुलाखत चुकली असं समजू नकोस. ती आपल्याच लोकांनी घेतली. अमेरिकेलाच का, एकटी का, जातीनं वाळीत टाकलं तर काय करशील? अठराव्या वर्षाच्या आत त्या बाईनं बंगालातल्या श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून एकेका प्रश्नाला उत्तर दिलं, आणि जशी जातेय तशीच परत येईन हेही सांगितलं. तुला सभा गाजवायची नाही. दोन-तीन मिनिटांचंच काम आहे.

आता तुझ्या शेजारच्या काकूंचा सल्ला. 'बहिणीचं नाव काढू नकोस, बाळंतपणाचं बोलू नकोस, न्यूयॉर्क बघायला चाललेय म्हण.' मुळीच ऐकू नकोस. ताई न्यू जर्सीत आहे, तिला डिसेंबरात बाळ होणार आहे, तुझ्या आईला गुडघ्यामुळे जाता येत नाही म्हणून तू पाच आठवडे तिच्याकडे जाणार आहेस. यात लपवण्यासारखं काय आहे? नुसता नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो, पण जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं सापडलं तर कायमची बंदी येऊ शकते.

पण एक प्रश्न काका म्हणून विचारतो, रागावू नकोस. मनात कुठे 'तिकडेच काही जमलं तर' असं आहे का? असेल तर हा अर्जच करू नकोस. शिकायला जाणाऱ्यांचा व्हिसा वेगळा, कामाचा वेगळा. त्या वाटेनं जा, मी स्वतः तुझ्याबरोबर बसून कागद लावेन.

नसेल, तर अर्ज स्वतः भर. डीएस-१६० म्हणतात त्याला. लांबलचक आहे, पण अवघड नाही. सुरू करताच एक क्रमांक मिळतो, तो आधी वहीत उतरव. पानाला वीसेक मिनिटं हात लावला नाही तर ते आपोआप मिटतं, आणि आपल्याकडे पावसात लाइटचा काय भरवसा, तेव्हा प्रत्येक पान जतन करत जा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नको. आपल्या लोकांची गंमत अशी की वडिलांचं नाव मध्ये येतं, लग्नानंतर त्या जागी नवऱ्याचं येतं, आणि चार कागदांवर एकाच बाईच्या चार बायका होतात. तुझं अजून तरी एकच आहे. गावाचंही तसंच, कुठे शेवटी इंग्रजी 'ई', कुठे 'ए'. पासपोर्टवर असेल तेच खरं. एका रकान्यात नाव आपल्या लिपीत लिहायला सांगतात. तिथे देवनागरीत लिही, पण पाळण्यातलं सोनी नव्हे हं. गेल्या पाच वर्षांतली फेसबुक-इन्स्टाची खातीही विचारतात, तीही खरी दे. फी १८५ डॉलर. नकार आला तरी ती परत मिळत नाही.

मुंबईला दोन खेपा आहेत. पहिल्या खेपेला अर्ज-केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या खेपेला वकिलातीत मुलाखत. चष्मा काढून फोटो. माझ्या मित्रांच्या वेळी वकिलात ब्रीच कँडीला होती, वांकानेरच्या राजाच्या जुन्या वाड्यात, आणि लोक पहाटेपासून रस्त्यावर छत्र्या धरून उभे असत. २०११ पासून ती वांद्र्याच्या बीकेसीत आहे. सकाळी पेणहून निघून वेळेवर पोचेन, या भ्रमात राहू नकोस. वाटेत एक ट्रेलर आडवा झाला की तुझी तारीख गेली. आदल्या रात्री घाटकोपरला आत्याकडे मुक्कामाला जा. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो आत्याकडेच ठेव. घड्याळ मनगटावरचं साधं लाव, परतीचा पत्ता कागदावर लिहून घे.

कागद मात्र ने. कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं स्टेटमेंट, ताईचे कागद. बहुधा एकही बघणार नाहीत. माझी फाइल केवढी जाड होती! सात-बारा, पेन्शनचं पुस्तक, घरपट्टीची पावती. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे. इंग्रजीत अडखळत असशील तर मराठीत बोलायची सोय आहे, लाजू नकोस.

मी दुसऱ्या वेळी मराठीतच बोललो. अर्जात 'यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का' असा रकाना असतो. दादा म्हणाला होता, 'बाबा, तिथे विचार करून भरा.' मी 'होय' भरलं. खिडकीत बाईसाहेब होत्या, शेजारी दुभाषी. पहिला प्रश्न तोच आला. मागच्या वेळी काय झालं होतं? मी म्हटलं, अर्ज दुसऱ्यानं भरला आणि मी तो वाचलाच नाही. दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितल्यावर त्या हसल्या. मग विचारलं, किती दिवस राहाल? म्हटलं, तीन महिने, पुढे भाताची लावणी आहे. पासपोर्ट ठेवून घेतला.

व्हिसा बहुतेकांना दहा वर्षांचा मिळतो, पण दहा वर्षं राहायला नव्हे. विमानतळावर किती दिवसांची मुदत देतात ते बघ, आणि त्याच्या आत परत ये. आपल्या ओळखीतले एक जण इथेच चुकले.

नाही मिळाला तर? तर ताईला वाईट वाटेल, तुला चार दिवस जेवण जाणार नाही, आणि लोक विचारतील. त्यांना सरळ सांग, नाकारला म्हणून. आम्ही 'तारीख मिळाली नाही' म्हणत राहिलो आणि पुढचं वर्षभर रोज कुणीतरी स्टँडवर गाठून विचारायचं, मिळाली का तारीख? तुमच्या पेणच्या गणपतीच्या मूर्ती दरवर्षी कंटेनरमधून अमेरिकेला जातात, त्यांना मुलाखत नाही. आपल्याला आहे, त्याला काय करणार.

शनिवारी दुपारच्या गाडीनं ये. पासपोर्ट, दाखला आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आण. अर्ज तू भरायचास, मी फक्त शेजारी बसून वाचीन. तुझी काकू विचारतेय, येताना पोह्याचे पापड आणशील का? अर्धे ताईसाठी बाजूला काढून ठेवू.

तुझा,
काका