जुन्या वास्तूचा नवा जन्म

नेदरलँड्स देशातील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात वास्तुकलेचे विद्यार्थी एका उंच इमारतीत शिकत असत. १३ मे २००८ रोजी तेथील कॉफीच्या यंत्रात पाणी शिरले, ठिणगी उडाली व आग भडकली. सुदैवाने सर्व जण सुखरूप बाहेर पडले. परंतु इमारत वाचली नाही.

आता शिकावे कोठे? नवी इमारत उभारण्यास कित्येक वर्षे लागली असती. विद्यापीठाची एक जुनी, विटांची, भक्कम वास्तू होती. तिचीच डागडुजी करण्यात आली आणि वर्षअखेरीस तेथे वर्ग भरू लागले. पुढे जागा अपुरी पडू नये म्हणून तिच्या मोकळ्या चौकांत काचेची दोन प्रशस्त दालने उभारली. त्यांत दिवसभर सूर्यप्रकाश खेळतो.

नवी इमारत बांधण्याचाही विचार झाला होता. पण अखेर सर्वांनी जुन्या वास्तूतच राहावयाचे ठरविले. वीट भाजताना इंधन जळते, सिमेंट तयार करतानाही जळते. उभी भिंत पाडली, तर ते सारे मातीमोल होते. ती राखली, तर नव्या विटांसाठी भट्टी पेटवावी लागत नाही.

घरे बांधण्याची विद्या शिकावयास आलेल्या त्या विद्यार्थ्यांना घर राखण्याची विद्या जुन्या भिंतींनीच शिकविली.