तुंगारेश्वर पर्वत, सोपाऱ्याचे अवशेष आणि द्रव्यसंग्रहाचा विवेक

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील सांडोर गावाच्या पूर्वेस तुंगार पर्वत उभा आहे. परशुरामाने या परिसरात विमलासुराचा वध केला, अशी स्थानिक कथा आहे. पर्वतावरील तुंगारेश्वराच्या शिवमंदिरात श्रावणात व महाशिवरात्रीस भाविकांची दाटी होते.

पायथ्याच्या पश्चिमेस प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. दगडी पेटीत तांब्याचा करंडक व त्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती मिळाल्या. आतील करंडकांपैकी सर्वांत आतील सुवर्णाचा होता. त्यात मृत्पात्राचे तुकडे होते. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड मिळाला, तर १९५६ साली भुईगाव येथे नवव्याचा. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात, जो गिरनारला आजही आहे, मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था आणि औषधी वनस्पतींची लागवड यांचा उल्लेख आहे. म्हणून वैद्यवर्गास हा वारसा परका नाही.

आता व्यवहाराचा प्रश्न. अनेक वैद्य व विद्यार्थी वनौषधींसाठी तुंगारेश्वरी जातात. पुण्यक्षेत्रातील वनस्पती अधिक गुणकारी, अशी समजूतही आढळते. संहितांचे मत मात्र वेगळे आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात श्मशान, चैत्य, देवस्थान, वारूळ इत्यादींजवळील द्रव्य वर्ज्य सांगितले आहे. सुश्रुतानेही भूमिपरीक्षेत देवतायतनाचा असाच उल्लेख केला आहे. म्हणजे जेथे मनुष्याचा वावर व श्रद्धा एकवटते, तेथून औषध उपटू नये, असाच याचा व्यावहारिक अर्थ होतो. त्यास आज कायद्याचीही जोड आहे. तुंगारेश्वर हे २००३ पासून अभयारण्य असून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीविना तेथील वनोपज नेता येत नाही.

मग या पर्वतावर जावे कशासाठी? ओळखीसाठी. गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांच्याकडून औषधींची नामरूपे जाणावीत, असे चरकाचार्य सांगतात. मात्र केवळ नामरूपाने उपयोग कळत नाही, असेही बजावतात. वारली बांधवांकडून नाव ऐकावे, पान-फूल पाहावे, टिपण करावे आणि रिकाम्या हाताने खाली यावे. द्रव्य मात्र आपल्या अंगणात वा शेताच्या बांधावर लावावे. सोपाऱ्याच्या स्तूपातील करंडकांत मातीचे तुकडेदेखील शतकानुशतके सांभाळले गेले. जिवंत वनस्पतीचे जतन त्याहून सोपे नाही, पण आपल्या हाती आहे.